दहावं पाऊल

"सण आहे की नाही ते एकदाचं ठरवा म्हणावं. अख्ख्या विंगला ओळीनं कंदील, आणि मधेच चौथ्या मजल्यावर दात पडल्यासारखं भगदाड."

चेअरमनच्या बायकोनं हे दुसऱ्या मजल्यावरच्या निकिताच्या कानात सोडलं खरं, पण लिफ्ट ती केवढी, चार माणसांची. तिथे कानात सोडलेलं कानात राहत नाही. मागच्या कोपऱ्यात उज्वला उभी होती. तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला, वर गॉगल, अंगात सनकोट, हातात पिशवी. अंबडहून गाडीवर येणारी कुठलीही बाई नाशकात अशीच दिसते. सख्खा नवरासुद्धा चपलेवरून ओळखेल तर ओळखेल. "जाऊ दे हो काकू," निकिता म्हणाली, "त्यांचं तसं आहे ना." "काय तसं? वर्ष झालं. सोसायटीनं सगळ्यांना एकसारखे आणून दिलेत. हुकाला अडकवायचा, बटण दाबायचं. त्याला काय हत्ती लागतो?" निकिता उतरली. उतरताना ती उज्वलाकडे पाहून, कोणीतरी पाहुणी असेल म्हणून, ओळख नसलेलं हसली. उज्वलानं चारचं बटण दाबलंच नव्हतं. दाबायला हात पुढे केला असता तर बांगड्या दिसल्या असत्या, बांगड्यांवरून माणूस कळतं. ती तशीच सहाव्यापर्यंत वर गेली. चेअरमनची बायको उतरली, दार मिटलं, आणि रिकाम्या लिफ्टमध्ये उज्वलाला वाटलं की आपण आता कुठेच राहत नाही. वर आपलं घर नाही, खाली नाही. मग तिनं चार दाबलं आणि लिफ्ट तिला घेऊन, नको नको म्हणत असल्यासारखी, खाली उतरू लागली.

चौथ्या मजल्यावर दार उघडलं की समोर पावलं दिसायची. म्हणजे पावलं नव्हतीच. ती मागच्या संक्रांतीलाच तिनं काढून टाकली होती. होता तो पावलांचा गोंद. हेअर ड्रायर लावून, उलथन्याच्या टोकानं खरवडून प्लास्टिक निघालं, पण खालचा चिकटा फरशीतच राहिला, आणि त्या चिकट्यावर धूळ बसून पावलं आधीपेक्षा ठसठशीत झाली. घासलेट झालं, थिनर झालं, कोणी सांगितलं म्हणून खोबरेल तेल झालं. पुसलं की दोन दिवस फरशी गोरी दिसायची. तिसऱ्या दिवशी आधी अंगठे उमटायचे, मग टाचा, मग बोटं, अगदी कोणीतरी हळूहळू भार देत उभं राहावं तशी. समोरच्या फ्लॅटमधली उजमा कामावर जाताना त्यांना वळसा घालून जायची. केर काढणारी बाई तेवढा भाग सोडून झाडायची. कोणी काही बोलायचं नाही. चार बाय बाराच्या त्या पॅसेजमध्ये घराच्या उंबऱ्यापासून जिन्यापर्यंत लक्ष्मीची पावलं गेली होती. गेली होती हेच खरं. बोटं जिन्याकडे होती.

उज्वलाची नोकरी ऐकाल तर हसाल. अंबडच्या एका कारखान्यात ती तपासणीला होती. पट्ट्यावरून रबरी वॉशर बसवलेले नग येत, आणि वॉशर उलटा की सुलटा एवढंच बघून उलटे नग लाल पेटीत टाकायचे. एका नगाला तीन सेकंद. बावीस वर्षं ती हे करत होती आणि तिच्या नजरेतून उलटा नग सुटला असं एकदाही झालं नव्हतं. कारखान्यात नाही झालं. घरी सुटला, तोही आपल्या हातानं लावलेला.

मागच्या धनत्रयोदशीला ती पहिली शिफ्ट करून घरी आली तेव्हा चार वाजले होते आणि सजावटीला तिच्याकडे दहा मिनिटं होती. दहा मिनिटांची दिवाळी हे तिचं स्वतःचं शास्त्र होतं, आणि त्याचा तिला थोडा अभिमानही होता. माळ्यावर एक खोकं, त्यावर जाड पेनानं 'दिवाळी' लिहिलेलं. खोकं काढायचं, प्लास्टिकच्या झेंडूचं तोरण खिळ्याला, दिव्यांची माळ ग्रिलला, पाणी घातलं की आपोआप पेटणारे खोटे दिवे कोपऱ्यात, दारात रांगोळीचा स्टिकर. भाऊबिजेला सगळं उलट क्रमानं खोक्यात. सासूबाईंना, कुसाबाईंना, हे पटायचं नाही, पण त्या बोलायच्या नाहीत. फक्त एकदा म्हणाल्या होत्या, "आमी मुठीनं काढायचो पावलं. तांदळाच्या पिठात मूठ बुडवायची, भुईवर उमटवायची, अन् वर बोटानं पाच ठिपके. आपल्याच हाताचा पाय." उज्वला म्हणाली होती, "आई, पॅसेजमध्ये सोसायटी पीठ सांडू देत नाही." हे खोटं नव्हतं. पूर्ण खरंही नव्हतं.

तर त्या दिवशी ती उंबऱ्यात बसली, तोंड बाहेर करून. खांदा आणि कान यांच्यात फोन धरलेला, फोनवर सुपरवायझर, सकाळच्या लॉटमधले किती नग लाल पेटीत गेले ते सांगत होता. ती हो सर, हो सर करत पाठीचा कागद सोलत होती आणि बसल्या जागेवरून हात पुढे करून एकेक पाऊल चिकटवत होती. आपण बसतो तसे आपले पाय, बोटं समोर. उजवं, डावं, उजवं, डावं, सरकत सरकत जिन्यापर्यंत. पाकिटात दहा होती, दहाही लावली. फोन ठेवला, तळहातानं वरून दाबलं, उठली. मागे आबा उभे होते.

आबा म्हणजे कारभारी, तिचे सासरे. सिन्नरजवळच्या खेड्यातला ताठ माणूस. पण गेल्या तीन वर्षांत त्यांच्या डोक्यातून एकेक गोष्ट सटकत चालली होती. आधी नातेवाइकांची नावं, मग वार, मग घराचा नकाशा. संडास समजून कपाट उघडायचे. कुसाबाईंना आपली मेलेली बहीण समजून तिच्या नावानं हाक मारायचे आणि कुसाबाई ओ द्यायच्या. रात्री उठून चालू लागतात म्हणून त्या आपल्या पदराचं टोक त्यांच्या मनगटाला गाठ मारून झोपायच्या. अठ्ठेचाळीस वर्षांचा संसार, आणि शेवटी हे असं दावं उरलं. आबा त्या दिवशी उंबऱ्यात उभे राहून पावलांकडे बघत राहिले. बराच वेळ. मग त्यांनी विचारलं, "कोन गेलं गं?"

आतून दिशा, उज्वलाची कॉलेजातली मुलगी, हसून ओरडली, "आबा, गेलं नाही, आली! लक्ष्मी आली!"

"आली न्हाय," आबा म्हणाले. शांतपणे, शेतातलं एखादं मोडलेलं कुंपण दाखवावं तसं. "गेली. आत्ताच गेलेली दिसती. लांब नसंल गेली."

"आबा, बसा हो जरा आत," उज्वला म्हणाली. तिच्या डोक्यात तेल तापलेलं होतं. तिनं मागे वळून पाहिलं नाही. या एका न वळण्यावर पुढे तिनं वर्षभर इतका विचार केला की तिच्या मानेला खरोखर कळ लागायची, उजव्या बाजूला, जिथून वळायला हवं होतं तिथे. ती स्वयंपाकघरात गेली, चिरोटे तळले. किती? सतरा. सतरा चिरोटे तळायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात आबा गेले. ताट घेऊन बाहेर आली तेव्हा दार सताड उघडं, कुसाबाई दारालगतच्या खुर्चीत बसलेल्या. "आबा कुठायत, आई?" कुसाबाईंनी वर पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्ये काय, आत्ता तर हितं व्हते."

पुढचं सगळं सगळ्यांना पाठ होतं आणि म्हणून कोणी म्हणून दाखवत नव्हतं. पोलीस चौकी, फोटो छापलेले कागद, पंचवटीचे घाट, सिन्नरच्या एसट्या. सुनील, उज्वलाचा नवरा, दोनदा कुठेतरी जाऊन आला, आल्यावर आंघोळ केली आणि फक्त म्हणाला, "ते नव्हते." पाथर्डी फाट्यावरच्या एका दुकानाच्या कॅमेऱ्यात आबा सापडले होते, एकोणीस सेकंद. अनवाणी. सुनीलच्या मोबाइलमध्ये ते एकोणीस सेकंद अजून होते, आणि तो बाथरूममध्ये जास्त वेळ राहिला की उज्वलाला कळायचं तो काय बघतोय. तिनं ते एकदाच पाहिलं होतं. तिला पुरलं. आबा खाली मान घालून चालत होते, रहदारी त्यांना टाळून जात होती, आणि ते टाकत होते ती पावलं त्यांची नव्हती. आबा ढांग टाकणारा माणूस. इथे लहान लहान, सारख्या अंतरावर, नेमकी. डांबरावर काहीही नव्हतं, तरी ते कशावर तरी बरोबर पाय ठेवत होते. डावं, उजवं. तिच्या हाताच्या अंतरानं.

हे सुनीलनं पाहिलं होतं का? पाहिलंच असेल, शेकडो वेळा. दिशानं पाहिलं असेल. पॅसेजमधली पावलं तर अख्खी विंग रोज बघत होती. पण उज्वलासमोर कोणाच्या तोंडून तो शब्द आला नाही, आणि न आल्यामुळे ती घरात अशी वावरायची की जणू तिच्या पाठीवर काही लिहिलेलं आहे आणि सगळे ते वाचून नजर खाली करतात. एकदा कोणी म्हटलं असतं, उज्वला, तू उलटी लावलीस, त्यांच्यामागे ते गेले, तर ती भांडली असती, रडली असती, मोकळी झाली असती. आणि एक गोष्ट तिनंही कोणाला सांगितली नव्हती. संक्रांतीला पावलं खरवडली तेव्हा नऊच निघाली. दहावं, जिन्याच्या तोंडाशी असलेलं, तिथे नव्हतंच. गोंदाचा डाग तेवढा होता. ते आबांच्या तळव्याला चिकटून गेलं असणार. म्हणजे कुठेतरी, पाथर्डी फाट्याच्या पुढे, त्या अनवाणी पायाखाली तिचं एक पाऊल होतं. डावं.

ती घरात आली. स्कार्फ सोडला. हॉलमध्ये टीपॉयवर सोसायटीचा कंदील खोक्यासकट चार दिवस पडून होता. माणूस गेलेल्या घरात वर्षभर कंदील लागत नाही, फराळ होत नाही. भावकीतले डबे आणून देतात. आणि माणूस असलेल्या घरात कंदील लागतो. पण माणूस आहे की नाही हेच ठाऊक नसेल त्या घरानं काय करायचं, ते कोणत्याच पंचांगात दिलेलं नाही. लावला तर म्हातारा रस्त्यावर आणि यांना दिवे सुचतात. नाही लावला तर आपणच आपल्या हातानं त्यांना पोचवल्यासारखं. म्हणून सुनील आठवडाभर एकच वाक्य म्हणत होता, "यंदा साधंच करू." किती साधं ते सांगत नव्हता. दिशानं 'पाच मिनिटांत सजावट' असे तीन व्हिडिओ पाठवले होते आणि पावलांचं नवीन पाकीट मागवून आईच्या उशाशी ठेवलं होतं, गुपचूप. सिन्नरहून नणंदेचा फोन आला होता, "वहिनी, फराळाचा डबा पाठवू का?" कुसाबाईंनी फोन हातातून ओढून घेतला होता. "आमच्याकडं झालाय सगळा," म्हणाल्या होत्या. झालेला काहीच नव्हता. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी एकटीनं, गुडघे धरत, शेव पाडली. खाल्ली कोणी नाही. आणि कपाळावर कुंकू रोजच्यापेक्षा मोठं लावलं.

"आई, खोकं काढते," उज्वला म्हणाली. आतल्या खोलीच्या दारातून तिला कुसाबाईंची खाट दिसली, आणि खाटेच्या पायाला अडकलेली पदराची गाठ. अजून बांधून झोपायच्या त्या. माणूस नाही तर लाकडाला. त्या उठून बसल्या होत्या आणि बसल्या बसल्या गाठ सोडत होत्या. नखांनी, घाई न करता.

स्टुलावर चढून तिनं माळ्यावरचं 'दिवाळी' खाली घेतलं. पावसाळ्याची ओल खाऊन पुठ्ठा मऊ पडला होता, कोणाचा तरी हात हातात घ्यावा तसा. तोरण होतं. माळेचा गुंता होता. तळाशी खोटे दिवे. गाडीवरून आल्यामुळे तिचे हात घामेजलेले होते. एक दिवा उचलला आणि तो पेटला. पाण्याशिवाय. वर्षानंतर. तिच्या ओल्या बोटांनी पेटतो हे तिला कळत होतं, शास्त्र होतं त्यात, तरी ती दचकली आणि तिनं तो टाकला. फरशीवर पडल्यावर तो विझायला हवा होता. एक क्षण विझला नाही. तेवढ्या उजेडात तिला स्पष्ट वाटलं की दाराबाहेर कोणीतरी उभं आहे आणि आत यायची वाट बघत नाहीये. वाट दिसतेय का ते बघतंय.

तिनं दार उघडलं. कोणी नव्हतं. वरच्या-खालच्या मजल्यांचे कंदील लागायला सुरुवात झाली होती आणि जिन्याच्या जाळीतून त्यांचा लाल-पिवळा उजेड पॅसेजमध्ये येत-जात होता. त्या हालत्या उजेडात धुळीची पावलं उचलल्यासारखी, टेकल्यासारखी. तिनं काय ठरवलं ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तिनं उशाजवळचं नवं पाकीट आणलं आणि ती उंबऱ्यात बसली. यंदा सुलटी लावायची. जुन्यांच्या बरोबर वरून, उलट दिशेनं, झाकून टाकायची. आणि मग, हे तिनं मनाच्या अगदी कोपऱ्यात, स्वतःला ऐकू जाणार नाही असं म्हटलं, मग कदाचित येतील.

पहिलं पाऊल सोललं. आणि तिला समजेना आत कुठल्या बाजूला आहे.

हे हसण्यासारखं आहे, पण ती हसली नाही. बावीस वर्षं, तीन सेकंद. तिनं पाऊल हातात फिरवलं. बोटं इकडे केली तर कोणीतरी बाहेर जातं. बोटं तिकडे केली तरी कोणीतरी कुठूनतरी बाहेरच जातं. घरात येणारं माणूस जिन्याच्या हिशेबानं जाणारंच असतं. ती उठली, बाहेर गेली, स्वतः चालत आत आली, आपल्या पायांकडे बघितलं, पुन्हा बाहेर गेली, पुन्हा आली. चौथ्या फेरीला तिच्या लक्षात आलं की ती जुन्या पावलांवर पाय देऊन चालतेय, आणि तिच्या पावलांना ते अंतर बरोबर बसतंय. पाऊल तिच्या बोटांना चिकटून बसलं होतं, झटकलं तरी सुटेना.

"बस खाली," कुसाबाई म्हणाल्या.

त्या कधी आल्या कळलं नव्हतं. चौकटीला धरून त्या हळूहळू उंबऱ्यात टेकल्या, अगदी मागच्या वर्षी उज्वला बसली होती तिथे, तोंड बाहेर करून. उज्वला त्यांच्याजवळ बसली. कुसाबाईंनी तिच्या बोटांवरचं पाऊल अलगद सोडवलं आणि पाकिटात परत ठेवलं. "ह्याची गरज नाय," म्हणाल्या.

"आई, मला बोला ना एकदा," उज्वला म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "सगळ्यांना ठाऊक आहे. उलटी लावली होती मी. आबांनी सांगितलं होतं मला. मी बघितलंसुद्धा नाही."

"व्हय. उलटीच व्हती." एवढं सहज म्हणाल्या की उज्वलाला काही लागलंच नाही. वर्षभर जपलेला घाव असा रिकामा निघावा. कुसाबाई कमरेची चंची सोडू लागल्या. तिच्यात सुपारी, दोन लवंगा, गावच्या देवाचा अंगारा एवढंच असतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं. दिशा लहानपणी रोज उचकायची. त्यांनी सगळ्यात आतल्या कप्प्यात दोन बोटं घातली आणि चौघडी घातलेलं काहीतरी लाल काढलं. घड्यांवर रंग उडाला होता. मागच्या गोंदाला लुगड्याचे धागे आणि एक पांढरा केस चिकटलेला होता. त्यांनी ते मांडीवर ठेवून तळहातानं सपाट केलं.

डावं पाऊल होतं.

उज्वलानं जिन्याच्या तोंडाशी असलेल्या डागाकडे पाहिलं, मग त्या पावलाकडे. ते पाथर्डी फाट्यावर असायला हवं होतं. ते आबांच्या पायाखाली असायला हवं होतं. खालच्या मजल्यावर निकिताच्या दारात कोणीतरी माळ लावली असावी. उजेड एकदम वाढला आणि कुसाबाईंच्या कपाळावरचं कुंकू काळं दिसलं.

"त्येंच्या पायाला चिकटलं व्हतं," कुसाबाई म्हणाल्या. जिन्याकडे बघत, जणू तिथेच कोणाला सांगत होत्या. "दुसऱ्या पायरीवर सुटलं. ते गेल्यावर मी जाऊन उचललं."

"गेल्यावर?"

"मी खुर्चीतच व्हते की. एकेका पावलावर पाय देत चालले व्हते, ल्हान पोरावानी. पहिल्या पायरीवर थांबले. मागं बघितलं. मला बघितलं. अन् त्या दिशी, उज्वले, तीन वर्सांत पयल्यांदा, माझ्या नावानं बोलले. म्हनले, कुसे, येतो गं तिला घिऊन."

समोर उजमाच्या दाराआड कुकरची शिट्टी झाली आणि कोणीतरी गॅस बंद केला. उज्वलानं सासूचा हात धरला. हात थंड होता आणि त्याखालचं पाऊल गरम.

"माझ्या हाकंला थांबायचे ते. अजून थांबायचे. तोंड उघडलं व्हतं मी." कुसाबाईंनी ते तोंड आत्ताही तसंच उघडलं. "पन हाक नाय मारली. रातभर डोळ्याला डोळा नव्हता गं. मनगट सुजलं व्हतं पदर वढून वढून. म्हनलं, जाऊ दे. घटकाभर जाऊ दे त्येंला."